रावेर ते नॅक्सोस : मे महिन्याच्या सुट्टीत, खिशाला झेपेल असं ग्रीस

मे महिन्यात आमच्याकडे सकाळी दहालाच दारं-खिडक्या लावून घ्यावी लागतात. पारा त्रेचाळीस-पंचेचाळीसवर, कूलरमधूनही गरम वाफाच. मुलांना सुट्टी, मला सुट्टी, आणि घरात एकच विषय : कुठंतरी जाऊ. तोरणमाळ झालं, महाबळेश्वर झालं, मनाली झालं. मग एका उन्हाळ्यात आम्ही चौघं, म्हणजे आम्ही दोघं, पंधरा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा, ग्रीसला जाऊन आलो. दहा रात्री. कुठल्याही टूर कंपनीशिवाय. तेव्हापासून नात्यातले, स्टाफरूममधले, शेजारचे, सगळे तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं क्रमानं लिहून काढते आहे. पहिल्यांदाच परदेशात जाणाऱ्या, खान्देशातल्या साध्या घरासाठी.

एक गोष्ट आधी सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. आपली सुट्टी मे महिन्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. युरोपातल्या लोकांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये. त्या दोन महिन्यांत भूमध्य समुद्राकाठी खोल्यांचे भाव चढतात, बोटी भरतात आणि ऊनही आपल्यासारखंच तापतं. मे महिन्यात मात्र हॉटेलं, बोटी, बस सगळं सुरू झालेलं असतं, गर्दी यायची असते. अथेन्समध्ये दुपारी २५-२८ अंश. आपल्याकडच्या जानेवारीतल्या दुपारसारखं. म्हणजे आपल्या शाळांचं वेळापत्रकच आपल्याला स्वस्ताईच्या दिवसांत तिथं पोचवतं. फक्त समुद्राचं पाणी मे महिन्यात गार असतं, १९-२० अंशांच्या आसपास. पोहायचीच हौस असेल तर जूनचा पहिला पंधरवडा धरा.

देश एक, मुक्काम दोन

नवखा माणूस पहिली चूक इथं करतो. एवढा खर्च करतोयच तर इटली पण बघू, पॅरिस पण बघू. प्रत्येक नवं शहर म्हणजे नवं तिकीट, नवी खोली, आणि बॅगा भरण्या-सोडण्यात गेलेला अर्धा दिवस. पैसा सगळ्यात जास्त जातो तो हलण्यात. आम्ही अथेन्सला तीन रात्री, नॅक्सोस बेटावर सहा आणि परतताना पुन्हा अथेन्सला एक रात्र, एवढंच ठेवलं.

बेट कुठलं? सगळ्यांच्या तोंडी सँटोरिनी. फोटोत दिसतं तसंच ते सुंदर आहे, पण महागही तेवढंच. नॅक्सोस त्याच सायक्लेडिस बेटांमधलं, त्या समूहातलं सगळ्यात मोठं, आणि मुख्य म्हणजे शेतीचं बेट. तिथला बटाटा ग्रीसभर नावाजलेला. डोंगरात दगडी गावं, ऑलिव्हच्या बागा, गाई-शेळ्या, चीज. गावाला लागून वाळूचा उथळ किनारा, मुलांना घेऊन चालत जाता येईल असा. वेळ आणखी कमी असेल तर एजिना हे बेट अथेन्सच्या बंदरापासून साधारण सव्वा तासावर आहे, पिस्त्याच्या बागांसाठी प्रसिद्ध. क्रीट मोठं आहे, त्याला निदान आठवडा द्यावा. पण रावेर-सावद्याच्या माणसाला एक सांगितल्याशिवाय राहवत नाही : क्रीटच्या दक्षिण किनाऱ्यावर आर्वी नावाचं गाव आहे आणि तिथं केळी पिकतात. धुळ्याजवळ आर्वी, तिकडंही आर्वी.

दिवाळीच्या सुमारास : पासपोर्ट आणि तारखा

कापूस घरात येत असतो त्याच दिवसांत हे काम सुरू करा. पासपोर्ट नसेल तर ऑनलाइन अर्ज करून जळगावच्या पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्रात तारीख मिळते. मोठ्या माणसाला साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये. असलेला पासपोर्ट तपासा : गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने मुदत हवी, दोन पानं कोरी हवीत.

नावं अक्षर न् अक्षर जुळली पाहिजेत. माझ्या बँकेच्या पासबुकात वडिलांचं नाव होतं, पासपोर्टवर नवऱ्याचं. ते सरळ करायला दीड महिना गेला. आधार, पॅन, बँक, पासपोर्ट, मुलांचे जन्मदाखले, सगळे एका टेबलावर मांडून एकदा वाचा.

तारखा ठरवताना तिथली पंचांगं बघा. ग्रीसचा ईस्टर आपल्या ख्रिस्ती बांधवांच्या ईस्टरपेक्षा बहुतेक वर्षी वेगळ्या दिवशी येतो. २०२७ मध्ये तो २ मे रोजी आहे. त्या आठवड्यात अख्खं अथेन्स गावी जातं आणि बोटींत जागा मिळत नाही. १ मे रोजी ॲक्रोपोलिससह (अथेन्समधली प्राचीन मंदिरांची टेकडी) सरकारी स्थळं बंद असतात, आणि कामगार दिनाला बोटींचा संपही बरेचदा असतो. उलट १८ मे हा संग्रहालय दिन, त्या दिवशी सरकारी स्थळांना प्रवेश मोफत असतो. जायच्या आधी संकेतस्थळावर खात्री करून घ्या, आणि गर्दीची तयारी ठेवा.

तुम्ही जिल्हा परिषदेत किंवा सरकारी नोकरीत असाल तर परदेशी जाण्याची परवानगी लागते. फाइल टेबलावरून टेबलावर जायला वेळ घेते, म्हणून अर्ज दिवाळीनंतर लगेच द्या.

जानेवारी-फेब्रुवारी : व्हिसाची फाइल

ग्रीससाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि पंधरा दिवसांपेक्षा उशीर चालत नाही. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, कधी पंचेचाळीस. पण खरी अडचण असते ती व्हिसा केंद्राची तारीख मिळण्याची, कारण उन्हाळ्यासाठी सगळे एकदमच धावतात. जानेवारीत तारीख घेऊन ठेवा. बोटांचे ठसे द्यायला प्रत्येकाला स्वतः जावं लागतं, बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आत माफ. केंद्राचा सेवाशुल्क वेगळा. दोन देश करणार असाल तर जिथं जास्त रात्री मुक्काम, त्या देशाकडे अर्ज.

फाइलमध्ये काय काय : अर्ज, फोटो, विमानाचं आरक्षण, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचं आरक्षण, रोजचा कार्यक्रम, निदान ३०,००० युरो वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा, बँकेचं स्टेटमेंट, आयकर रिटर्न, नोकरीचा दाखला आणि रजा मंजुरी. मुक्काम नेहमी मोफत रद्द करता येईल असाच बुक करा. विमानाचं पूर्ण पैसे अडकणारं तिकीट व्हिसा हातात येईपर्यंत काढू नका.

आता शेतकरी घराबद्दल, कारण याविषयी कुणी नीट सांगत नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून बरेच जण रिटर्न भरतच नाहीत. व्हिसा अधिकाऱ्याला मात्र कागदावर उत्पन्न दिसायला हवं. आमची केळीची बाग यांच्या नावावर आहे. आम्ही शेतीचं उत्पन्न दाखवून रिटर्न भरलेलं होतं. त्यासोबत सातबारा आणि आठ-अ चे उतारे इंग्रजी भाषांतरासह, व्यापाऱ्याच्या विक्रीपट्ट्या, आणि त्या पट्ट्यांची रक्कम खात्यात जमा झाल्याच्या नोंदींवर पेन्सिलीनं खूण केलेलं स्टेटमेंट, असं सगळं लावलं. शेजारच्या एका ओळखीच्यांनी अर्जाआधी आठ दिवस खात्यात एकदम चार लाख भरले, आणि त्यांचा व्हिसा नाकारला गेला. पैसा त्यांचाच होता, कापसाचाच होता, पण तो कुठून आला हे कागद सांगत नव्हता. माल रोखीत विकत असाल तर निदान वर्षभर आधीपासून बँकेतून व्यवहार करायची सवय लावा. जमीन, घर, म्हातारे आई-वडील, हे सगळं तुम्ही परत येणार याचं बळ आहे. एका पानाच्या पत्रात साध्या शब्दांत ते मांडा.

एजंटकडे जायला हरकत नाही, पण अर्जातलं प्रत्येक वाक्य स्वतः वाचल्याशिवाय सही करू नका.

पैशांचा हिशेब

आमचा हिशेब सांगते, त्यावरून तुमचा मांडा. युरोला ११० रुपये धरले होते. मुंबईहून आखाती देशात विमान बदलून अथेन्स आणि परत, माणशी ५२ हजार, म्हणजे चौघांचे २ लाख ८ हजार. व्हिसा, विमा आणि मुंबईची फेरी मिळून ४८ हजार. मुक्काम दहा रात्री सरासरी ८० युरोनं, ८८ हजार. जेवणखाण दिवसाला ५५ युरो, साठ हजारांच्या आसपास. बोटी ३३ हजार. बस, मेट्रो, प्रवेशतिकिटं २८ हजार. वरचा किरकोळ खर्च पंधरा हजार. बेरीज ४ लाख ८० हजार, माणशी १ लाख २० हजार. ही काही लहान रक्कम नाही. आम्ही दोन वर्षं दर महिन्याला आवर्ती ठेवीत पैसे टाकले होते. कर्ज काढून मात्र या सहलीला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुक्कामाच्या भाड्याखेरीज तिथं हवामान-शुल्क नावाचा कर लागतो, तो बरेचदा तिथं पोचल्यावरच मागतात. एप्रिल ते ऑक्टोबर दर रात्री, दर खोलीमागे : एक-दोन तारांकित हॉटेलात २ युरो, तीन तारांकित ५, चार तारांकित १०, भाड्याच्या घराला ८. म्हणजे दहा रात्रींत आठ-नऊ हजारांचा फरक पडू शकतो. आम्ही अथेन्समध्ये साधं हॉटेल घेतलं आणि बेटावर स्वयंपाकघर असलेली खोली.

पॅकेज टूर घेतली तर तिच्यावर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आधीच वसूल केलेला आयकर, आकारतात. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर पैसा अडकून राहतो.

बँकेतून फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच युरो भरून ठेवलेलं कार्ड, घ्या, सोबत तीनशे-चारशे युरो रोख. दुकानातलं किंवा एटीएमचं यंत्र विचारतं, रुपयांत घेऊ की युरोत? दर वेळी युरोच निवडा. रुपये निवडले की दर ते ठरवतात आणि प्रत्येक व्यवहाराला आपला तोटा होतो.

बॅगेत काय

युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणून पेढे, खवा, घरचं तूप नको. फळं-भाज्यांना आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे आंब्याची पेटी घरीच ठेवा. या नियमातून फक्त पाच फळं सुटतात : अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. विमानातून उतरल्यावर मुलांच्या पाठपिशवीत आमच्या बागेतली अर्धी फणी होती. ती विमानतळावरच, मेट्रोची वाट बघताना संपली.

ज्वारीची बिबडी, भाजलेले शेंगदाणे, चटणी, खिचडीचं सामान न्या. एक छोटा मगही न्या, तिथल्या संडासात पाण्याची सोय नसते. आणि कागद भांड्यात टाकत नाहीत, शेजारच्या डब्यात टाकतात, कारण तिथल्या नळ्या अरुंद आहेत.

पोचल्यावर

सीमेवर आता पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन नोंद होते. रांग लांबते, धीर धरा. विमानतळाहून शहरात मेट्रोचं तिकीट ९ युरो, एक्स-९५ बसचं साडेपाच. बस सिंतग्मा चौकात सोडते आणि रात्रभर चालू असते. चौघांसाठी बस घेतली की तिथंच चौदा युरो वाचतात. शहरातलं साधं तिकीट १ युरो २० सेंट, नव्वद मिनिटं चालतं, बस-मेट्रो-ट्राम कशातही. त्याच तिकिटात ट्रामनं समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाता येतं.

ॲक्रोपोलिसचं तिकीट ३० युरो आणि वेळ ठरवून ऑनलाइन काढावं लागतं. सकाळी आठची पहिली वेळ घ्या. वरचा संगमरवर लाखो पावलांनी गुळगुळीत झाला आहे, चपला घालून जाऊ नका, तळव्याला पकड असलेले बूटच हवेत. एवढं एकच महागडं तिकीट आम्ही काढलं. फिलोपाप्पू टेकडीवरून सूर्यास्ताच्या वेळी समोर पार्थेनॉन, म्हणजे ॲक्रोपोलिसवरचं मुख्य मंदिर, दिसतो, अरिओपागसच्या खडकावर बसता येतं, राष्ट्रीय उद्यानात सावली आहे, आणि या कशालाच पैसे पडत नाहीत.

जेवण

शाकाहारी घरांना सगळ्यात जास्त धास्ती याचीच असते, आणि खरं तर ग्रीससारखा सोपा देश नाही. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांत उपासाचे दिवस खूप. उपासाला मांस, अंडी, दूध वर्ज्य. त्यामुळे घरोघर ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या-कडधान्यांची परंपरा आहे, तिला लादेरा म्हणतात. गेमिस्ता म्हणजे भात भरून भाजलेले टोमॅटो आणि ढोबळ्या मिरच्या. गिगान्तेस म्हणजे टोमॅटोच्या रश्शातल्या मोठ्या पांढऱ्या शेंगबिया. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. पण गेमिस्तात कधी खिमाही असतो, म्हणून दर वेळी विचारा : "खोरीस क्रेआस?" म्हणजे मांस नसलेलं का. "निस्तीसिमो" म्हणजे उपासाचं, पण त्यात कोळंबी, माकूळ चालतात, तेवढं लक्षात ठेवा.

उत्तर ऐकताना आणखी एक काळजी. त्यांच्या भाषेत "ने" म्हणजे हो. "ओखी" म्हणजे नाही. आपल्या नै-नईची सवय असलेल्या कानाला पहिले दोन दिवस उलटंच ऐकू येतं.

आणि मेलित्झानोसालाता. पहिल्या संध्याकाळी ताटलीत आलं तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, हे तर भरीत आहे." होतंच. आगीवर भाजलेलं वांगं, सोललेलं, ठेचलेलं, लसूण घातलेलं. फक्त हिरव्या मिरचीऐवजी लिंबू, शेंगदाण्याच्या तेलाऐवजी ऑलिव्ह तेल, आणि कळण्याच्या भाकरीऐवजी पाव. भाजल्याचा वास मात्र तोच. मी पिशवीतली ठेच्याची बाटली काढून अर्ध्या भागात कालवली. खोलीत वांगं भाजायच्या भानगडीत पडू नका, धुराचा भोंगा वाजतो.

खर्च आवरायचा तर दिवसातून एकदाच बाहेर जेवा. सकाळी रस्त्यावर तिळाची कडी मिळते, कुलूरी, किंवा पालक-चीजची स्पानाकोपिता. अथेन्सच्या प्रत्येक वस्तीत ठरलेल्या वारी रस्त्यावर आठवडे बाजार भरतो, त्याला लाइकी म्हणतात. दुपारी दोनच्या सुमाराला आवरतं घेताना भाव उतरतात, अगदी आपल्या बाजारासारखे. टोमॅटो, काकडी, चेरी, दही, पाव. दही घट्ट, खिचडीबरोबर मुलं वाटीवाटीनं खायची. अथेन्सचं नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. बेटांवर विचारून घ्या.

बोट

बोटी पिरेयस बंदरातून सुटतात, मेट्रो थेट तिथवर जाते. बंदर मोठं, गेटं एकमेकांपासून लांब, म्हणून तिकिटावरचा गेट नंबर पाहून तासभर आधी पोचा. नॅक्सोसला मोठी मंद बोट पाच-साडेपाच तासांत जाते, जलद बोट साडेतीन-चार तासांत, पण तिचं भाडं बरंच जास्त. मंद बोटच घ्या. पैसे वाचतात, डेकवर उघड्या हवेत बसता येतं, वाऱ्यात ती कमी हलते. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना बहुतेक बोटींवर अर्धं तिकीट.

बोटीत शिरताच खाली सामानाचे कप्पे असतात, प्रत्येकावर बेटाचं नाव लिहिलेलं. गर्दीत आमची एक बॅग पारोसच्या कप्प्यात ठेवली गेली. पारोस नॅक्सोसच्या आधी लागतं. मुलाच्या लक्षात आलं म्हणून तो आणि त्याचे बाबा धावत खाली गेले आणि बॅग हाती लागली. कपडे गेले असते तर चाललं असतं, त्यात सगळ्यांची औषधं होती. औषधं आणि कागद नेहमी खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.

नॅक्सोसच्या बंदरात शिरताना संगमरवराची एक भलीमोठी चौकट दिसते, पोर्तारा. अपोलोच्या मंदिराचं हे दार, मंदिर अडीच हजार वर्षांपूर्वी अर्धवटच राहिलं. तिथं रोज संध्याकाळी चालत जाता येतं. गाडी भाड्यानं घेऊ नका, मुख्य किनाऱ्यांवर आणि डोंगरातल्या गावांत बस जाते. सांग्री गावाजवळ देमीतरचं मंदिर आहे, ही त्यांची धान्याची, शेतीची देवता. चहूबाजूला शेतं, मध्ये पांढऱ्या दगडाचे खांब. यांनी वाकून तिथली माती चिमटीत घेऊन बघितली, आणि दुसऱ्या हातानं मोबाइलवर घरी फोन लावून बागेला पाणी सोडलं का ते विचारलं.

परतीची बोट विमानाच्या दिवशी कधीही घेऊ नका. वारा वाढला की बोटी बंदरातच थांबवतात. जुलै-ऑगस्टमध्ये तर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा दिवसेंदिवस वाहतो. मे महिना असूनही आमची बोट चार तास उशिरा सुटली, पण शेवटची रात्र अथेन्सला धरलेली होती, त्यामुळे आम्ही रात्री उशिरा पोचून झोपलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानाला निवांत गेलो. पिरेयसहून थेट विमानतळावर एक्स-९६ बस जाते, शहरात शिरायची गरज पडत नाही.

मुंबईत उतरल्यावर लगेचची रेल्वे धरू नका, मध्ये सहा-सात तास ठेवा. आम्ही रात्रीच्या गाडीची तिकिटं काढली होती. पहाटे भुसावळला उतरलो तेव्हाही हवा गरमच होती.